विनापरवाना आजोबा

सोमवारी सकाळी साडेदहाला बिनतारी परवाना कार्यालयाच्या उपसंचालकांनी टेपचं बटण दाबलं, आणि टेबलासमोर उभ्या असलेल्या तपासनीसाच्या कानांत स्वतःच्या वडिलांचा आवाज शिरला.

"पुलावरून जाऊ नकोस रे पोरा. पुलाच्या तोंडाशी खडीचा ट्रक बंद पडलाय. गिरणीमागून घे, चार मिनिटं वाचतील."

"घेतो, आजोबा," दुसरा आवाज म्हणाला. त्याच्या मागे भोंगा वाजत होता.

उपसंचालकांनी टेप थांबवली. "रुग्णवाहिका सेवेची तक्रार आहे. त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर गेले तीन आठवडे कोणीतरी म्हातारा बोलतोय. परवाना नाही, पत्ता नाही. नियंत्रण कक्षाच्या बाईंनी थेट मंत्रालयात पत्र धाडलंय. पुढचं ऐका."

पुढचं ऐकायला एव्हाना हेडक्लार्क आणि टायपिस्टबाईही आत आल्या होत्या.

"घरी कोण कोण असतं, आजोबा?" टेपमधल्या ड्रायव्हरने विचारलं.

"मुलगा आणि सून. मुलगा सरकारात आहे, मोठ्या जबाबदारीचं काम. सकाळी जाताना विचारतो, गोळी घेतली का? संध्याकाळी आला की विचारतो, गोळी घेतली का? मधल्या वेळात मी गेलो, तर डबीत गोळ्या जास्त उरलेल्या दिसल्या की कळेल त्याला."

हेडक्लार्कांना हसता हसता ठसका लागला. "काय कार्टं असेल हो!" टायपिस्टबाई म्हणाल्या. तपासनीसही हसला. न हसणं संशयास्पद दिसलं असतं.

परवान्याशिवाय हवेत एक शब्दही सोडायचा नाही, हे हा माणूस अठरा वर्षं लोकांना बजावत आला होता. एका नाटकमंडळीचा बिनतारी माइक त्याने भर प्रयोगात जप्त केला होता. नायक तेव्हा मरणशय्येवर शेवटचं बोलत होता, पण माइक विनापरवाना होता. अशा माणसाच्या घरात हा बिनतारी सेट आला कसा, तर तोही सरकारी कामातूनच आला. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराकडून बेचाळीस वॉकीटॉकी जप्त झाले होते. ते हातोड्याने फोडून नष्ट केल्याचा पंचनामा तपासनीसाने स्वतःच्या हाताने लिहिला. साक्षीदार म्हणून उपसंचालकांची सही होती. साहेब त्या दिवशी दाढ काढायला गेले होते, म्हणून सही त्यांनी दुसऱ्या दिवशी, गालात कापूस धरून केली. हातोड्याखाली गेले चाळीस. उरलेले दोन पिशवीतून घरी आले.

कारण त्याच महिन्यात वडील न्हाणीघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही. जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस चौथ्या मजल्यावर, खिडकीशी लावलेल्या पलंगावर कायमचा आडवा झाला. सून तळमजल्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. म्हातारा वरून हाका मारून मारून थकायचा, पण शिवणयंत्राच्या खडखडाटात तिला काही ऐकू जायचं नाही. म्हणून एक सेट त्यांच्या उशाशी आणि एक तिच्या दुकानात ठेवला होता.

पहिले काही महिने बरं चाललं. मग सुनेच्या गिऱ्हाइकांसमोर "अगं, भांडं दे, लवकर" असं भांड्याच्या तपशिलासकट ऐकू येऊ लागलं, आणि तिने सेट बंद करून यंत्राच्या खणात टाकला. दर दोन तासांनी वर चक्कर मारते म्हणाली, आणि मारायचीही. पण दोन तास हे खालच्या माणसाला दोन तास असतात, वरच्याला नसतात. म्हाताऱ्याने एके दुपारी उत्तर येईना म्हणून सेटचं गोल बटण फिरवायला घेतलं. फिरवता फिरवता कुठूनसा एक वैतागलेला आवाज आला, "अरे, या चौकात झालंय तरी काय आज?" चौक त्यांच्या खिडकीखालीच होता, पूलही तिथून दिसायचा. त्यांनी बघून सांगितलं.

हे सगळं तपासनीसाला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की वडील हल्ली जरा खुशीत असतात. औषध लागू पडलं, असं तो बायकोला म्हणालाही होता.

"आज छडा लावायचा," उपसंचालक म्हणाले. "शोधगाडी काढा. मी स्वतः येतो."

शोधगाडीच्या टपावर कढईसारखी एक अँटेना होती. कोणी हवेत बोललं की ती फिरायची आणि आतल्या तबकडीवरचा काटा आवाजाच्या दिशेला वळायचा. हा काटा वाचण्यात तपासनीसाचा हात धरणारा कोणी नव्हता. आज मात्र घामाने त्याचा चष्मा घसरत होता.

"काय म्हणतो काटा?" साहेबांनी विचारलं.

"पूर्वेला दाखवतोय साहेब. स्मशानाकडे."

"स्मशानातून बोलतोय? मग नोटीस कुणाच्या नावाने काढायची?" साहेबांनी स्वतः तबकडीत डोकावून पाहिलं. "अहो, हा काटा सरळ पश्चिमेला आहे!"

"यंत्र बिघडलंय बहुतेक."

"गेल्याच महिन्यात तुम्ही यंत्र उत्तम असल्याचा दाखला दिलाय. चला, काट्यामागे चला."

शोधगाडी काट्यामागे निघाली. काटा तिला बाजारातून, शाळेवरून, गिरणीमागून घेऊन गेला, तपासनीस रोज संध्याकाळी घरी जातो त्याच रस्त्याने. एरवी हा रस्ता त्याला संपता संपायचा नाही. आज तो भराभर संपत होता. चौकाच्या मधोमध येताच काटा वेडा झाला आणि गरगर फिरू लागला. म्हणजे माणूस इथेच, डोक्यावर. साहेबांनी गाडी जागच्या जागी थांबवायला लावली आणि फाइल काखेत मारून खाली उतरले. तपासनीसही उतरला. त्याने मान खाली घातली होती.

तेवढ्यात मागून भोंगा ऐकू आला, आणि शोधगाडीतल्या स्पीकरवर ड्रायव्हरचा आवाज आला, "आजोबा, चौक मोकळा आहे का? आत बाई आहे, श्वास लागलाय तिला."

"मोकळा कसला? एक पांढरी गाडी मधोमध लावलीय गाढवांनी. टपावर कढई फिरतेय. सरकारी दिसते."

साहेब ताठ झाले.

"खाली दोघं उतरलेत," स्पीकर बोलतच होता. "एक जाडा आहे, काखेत फाइल. हलायचं नाव नाही. दुसरा... थांब हं, चष्मा पुसतो... अरे, दुसरा तर आमचा मुलगा! ए, वर बघ! वर बघ रे! गाडी बाजूला घे आधी, माणूस आहे आत!"

चौकातल्या यच्चयावत माणसांनी वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून एक सुरकुतलेला हात जोरजोराने डावीकडे हलत होता, जसा बस मागे घेताना वाहक हलवतो. तपासनीसाने वर पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं, आणि मग तो धावत शोधगाडीकडे गेला. शोधगाडीच्या ड्रायव्हरने किल्ली फिरवली, पण गाडी चालू होईना. दोनदा खोकली आणि मेली. शेवटी साहेबांनी फाइल दातांत धरली, तपासनीसाने खांदा लावला, आणि दोघांनी मिळून सरकारी गाडी फुटपाथपर्यंत ढकलली. रुग्णवाहिका त्यांना घासून गेली. मागच्या काचेतून तपासनीसाला एक पाऊल दिसलं, चादरीबाहेर आलेलं. ते हलत होतं की गाडीच्या धक्क्याने हलल्यासारखं वाटत होतं, ते त्याला कळलं नाही.

"चला, वर," साहेब दातांतली फाइल काढत म्हणाले.

वडिलांनी साहेबांना बसायला खुर्ची दाखवली. "तुम्ही जाडे म्हणून म्हणालो, राग मानू नका. वरून माणूस जरा पसरटच दिसतो."

साहेबांनी राग मानला की नाही ते कळलं नाही, कारण त्यांनी एव्हाना सेट हातात घेऊन उलटा केला होता आणि मागचा क्रमांक वाचत होते. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. जप्ती झाली तेव्हा प्रत्येक सेटच्या पाठीवर कार्यालयानेच तांबड्या शाईने आकडे घातले होते.

"हा आपला एकेचाळीस नंबर आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो," तपासनीस म्हणाला. "साहेब, चूक माझी आहे. मी लेखी देतो. माझ्यावर कारवाई करा."

"लेखी देतो? काय लेखी देता? एकेचाळीस नंबर माझ्या डोळ्यांसमोर हातोड्याने फुटलाय! खाली माझी सही आहे. तुम्ही लेखी दिलंत, की मी त्या दिवशी डोळे मिटून उभा होतो, असं होतं."

"तुम्ही उभेच नव्हता साहेब. तुमची दाढ..."

"गप्प बसा!" साहेबांनी खिडकी लावून घेतली. "जे नष्ट झालं ते जप्त कसं करणार? आणि जप्तच झालं नाही, तर गुन्हा कसला? हा सेट नाही. हा कधी बोललाच नाही. अहवालात लिहा: कसून शोध घेतला, उगम आढळला नाही."

"पण मी आहे ना," पलंगावरून आवाज आला. "मी बोललोय."

दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. साहेबांनी सेट खिशात घातला, जिना उतरले, तो शोधगाडीच्या मागच्या चाकाखाली ठेवला आणि ड्रायव्हरला एव्हाना चालू झालेली गाडी मागेपुढे घ्यायला लावली. पंचनामा दोन वर्षांनी का होईना, खरा झाला. वडील बंद खिडकीच्या काचेतून बघत होते.

त्यानंतर म्हाताऱ्याने अबोला धरला असं म्हणता आलं असतं, तर बरं झालं असतं. अबोला धरणाऱ्याची समजूत काढता येते. हे सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे, एका शब्दात. गोळी घेतली? घेतली. दुखतंय? नाही. खिडकी उघडू? नको. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. सुनेने खणातला आपला सेट काढून आणला, "बाबा, मी आता चालू ठेवीन हो," म्हणाली. ते म्हणाले, "गिऱ्हाइकं हसतील तुझी," आणि तिला तो परत नेऊन टाकायला लावला. डॉक्टर येऊन छातीला नळी लावून गेले. दारात ते तपासनीसाला म्हणाले, "हृदय थकलंय. हिवाळ्यापर्यंत जपा." हिवाळ्यानंतर काय, ते त्याने विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी नियंत्रण कक्षाच्या बाई स्वतः परवाना कार्यालयात आल्या. करड्या केसांची, करड्या आवाजाची बाई. त्यांनी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला.

"तुमची तक्रार निकाली निघाली की," साहेब गोड हसून म्हणाले. "आता कोणी बोलत नाही ना?"

"तीच तक्रार आहे. कोणी बोलत नाही. आमच्या गाड्या त्या चौकात सरासरी पाच मिनिटं अडकताहेत. मधल्या तीन आठवड्यांत दीड मिनिट अडकत होत्या. मला हे आकडे काल मिळाले. तो माणूस शोधून द्या."

"अहो, तुम्हीच त्याला बंद करा म्हणालात!"

"म्हणाले. आता चालू करा म्हणते. गेल्या मंगळवारी एक माणूस चौकात गेला. गाडीत. दवाखाना समोर दिसत होता."

साहेबांनी टाळूवरून हात फिरवला. "पण उगम आढळला नाही, असा आमचा अहवाल आहे. न बोलणाऱ्या माणसाला यंत्र तरी कसं शोधणार?"

"शोधायला नको," कोपऱ्यात उभा असलेला तपासनीस म्हणाला. साहेबांनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय देण्याचा प्रयत्न केला, पण टेबल रुंद होतं. "माझे वडील आहेत ते. चौथा मजला. बस चालवायचे."

बाई त्याच्याकडे वळल्या. टेप त्यांनीही ऐकली होती. "तो गोळीवाला मुलगा तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

 त्यांनी पिशवीतून कोरा अर्ज काढला आणि तिथेच भरायला बसल्या.

रीतसर परवाना मिळायला सात आठवडे लागले. ते कमी होते, कारण बाई रोज फोन करत होत्या. पण मधेच जागेची तपासणी आली. तपासनीस एकच, म्हणून त्याने स्वतःच्या घराची बेल वाजवली, बायकोला ओळखपत्र दाखवलं आणि पलंगापासून खिडकीपर्यंतचं अंतर मोजलं. "अहो, चहा घेणार की तपासणीत चालत नाही?" तिने विचारलं. चालत नव्हता. मग वडिलांची तोंडी परीक्षा झाली. ती साहेबांनी घेतली. "संदेश संपल्यावर काय म्हणावे?" या प्रश्नाला वडील म्हणाले, "सांभाळून जा रे." साहेबांनी बरोबर उत्तर वाचून दाखवलं आणि उत्तीर्ण केलं.

नवा सेट पलंगाशेजारच्या टेबलावर बसला. सोबत परवाना आला, आणि परवान्याच्या मागे अटी. रस्त्याची माहिती द्यावी. एका वेळी वीस सेकंदांपेक्षा जास्त बोलू नये. खाजगी संभाषण करू नये. भंग झाल्यास नोटीस. दरमहा ध्वनिमुद्रण ऐकून खात्री करण्याचं काम अर्थात तपासनीसाकडे.

वडिलांनी तोंड पुन्हा खिडकीकडे केलं. रोज सकाळी सातपासून ते कामावर असत. "चौक मोकळा. समाप्त." "पुलावर बस बंद. गिरणीमागून. समाप्त." बाईंचे आकडे सुधारले. ड्रायव्हरांनाही ताकीद होती, म्हणून तेही "धन्यवाद, समाप्त" म्हणत. सगळं कायदेशीर झालं होतं. म्हातारा पूर्वी बोलायचा. आता प्रसारण करायचा. घरात तेवढंही करत नव्हता.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तपासनीस कार्यालयात कानाला यंत्र लावून बसला होता. समाप्त, समाप्त, समाप्त. मग एका गुरुवारच्या दुपारी टेपमध्ये चौक मोकळा असल्याचं वडिलांनी सांगितलं, आणि उत्तर आलं नाही.

"ऐकतोयस ना? चौक मोकळा आहे. समाप्त."

"आता घाई नाही, आजोबा," ड्रायव्हर म्हणाला. "गेली ती. शाळेतली पोरगी होती."

मग वडिलांचा आवाज आला, हळू.

"गाडी कडेला घे. घेतलीस? हात चाकावरून काढ. आता ऐक. माझ्या बसमधे एक म्हातारा गेला होता एकदा. खिडकीशी बसून. मला आरशातून वाटलं, झोपलाय. शेवटच्या थांब्यापर्यंत नेला मी त्याला. तिथे गेल्यावर हाक मारली. मग आगाराला कळवून, माणसं येईपर्यंत त्याच्या शेजारच्या सीटवर बसून राहिलो. तासभर बसलो असेन. काय करणार? एकटा होता तो. काहीबाही बोलत होतो त्याच्याशी. पोरगा झालाय मला म्हटलं, चारच दिवसांचा आहे, अजून तोंडसुद्धा नीट बघितलं नाही त्याचं, सुट्टीच मिळत नाही. तू पण बस तिच्याजवळ जरा. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांग."

ड्रायव्हर रडत होता. वडील बोलत राहिले. चार मिनिटं दहा सेकंद.

तपासनीसाने टेप थांबवली. मग मागे घेतली आणि पुन्हा ऐकली. तो चार दिवसांचा पोरगा आता बावन्न वर्षांचा होता, आणि टायपिस्टबाई त्याच्या टेबलाशी येऊन विचारत होत्या, "सर्दी झालीय का हो तुम्हाला?"

"अटींचा उघड भंग," साहेब म्हणाले. "ठरलेल्या वेळेपेक्षा दोनशे तीस सेकंद जास्त, आणि तेही खाजगी! नोटीस काढा. तुम्हीच बजावा, जातच आहात घरी."

तपासनीसाने संध्याकाळी कारणे दाखवा नोटीस पलंगाजवळ उभं राहून वाचली. वडिलांनी हात जोडून ऐकली.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"लेखी खुलासा द्यायचा. मी लिहून घेतो." तो स्टूल ओढून बसला. खुलाशाच्या फॉर्मवर कारणासाठी तीन ओळी होत्या.

"काय लिहायचं?"

"त्या दिवशी काय झालं ते. आणि... त्या बसमधल्या म्हाताऱ्याचंही सांगा. पहिल्यापासून. कुठला थांबा होता?"

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सांगायला लागले. थांब्यावरून बसवर आले, बसवरून त्या काळच्या रस्त्यांवर, रस्त्यांवरून आईवर. आई बाळंतीण असताना हे कसे कामाच्या कपड्यांतच दवाखान्यात गेले आणि दाईने तिकीट मागितलं, यावर तपासनीस लिहिता लिहिता मोठ्याने हसला. सुनेने जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतःच येऊन दाराला टेकून ऐकत उभी राहिली. खुलासा अकरा पानं झाला. खाली वडिलांनी सही केली.

चार दिवसांनी फाइल साहेबांच्या टेबलावरून परत आली. साहेबांनी शेरा मारला होता: 'खुलासा फार लांब व विषयाला सोडून. समाधानकारक नाही. दुसरी नोटीस द्यावी.'

दुसरी नोटीस तपासनीसाने स्वतःच टाइप केली. उत्तराला किती दिवस द्यायचे ते त्याच्या हातात होतं. एरवी तो सात द्यायचा. त्या दिवशी तो पाचच्या ठोक्याला उठला, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढला आणि बूट न काढताच वडिलांपुढे जाऊन बसला. खिडकी उघडी होती. बाहेरचा वारा आता गार यायला लागला होता.

"दुसरी आली," तो म्हणाला. "उत्तर द्यायला तीस दिवस आहेत."

वडिलांनी शाल छातीशी ओढून घेतली. "तीस पुरायचे नाहीत रे. अजून मी तुझ्या शाळेपर्यंतसुद्धा आलो नाही."

"मुदत वाढवून मिळते. अर्ज करावा लागतो."

"मग आधी अर्ज लिही," वडील म्हणाले.